एका सेकंदात साडेबारा कोटी ठिपके

रोजचा दीड जीबी डेटा किती वेळ पुरतो? लोकलमध्ये हेडफोन लावून नव्या फोनचे परीक्षण पाहणारा, जेवताना मालिकेचा भाग लावणारा, झोपण्याआधी एकदोन डाव खेळणारा माणूस सांगेल की दिवस निघतो. कागदावर हिशेब केला तर तो आठ सेकंदांत संपायला हवा.

हिशेब अगदी शाळकरी आहे. आपण ज्याला फुल एचडी म्हणतो त्या चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला लाल, हिरवा आणि निळा यांचा एकेक असे तीन बाइट लागतात. व्हिडिओत सेकंदाला अशी तीस चित्रे येतात, म्हणजे दर सेकंदाला १८६ एमबी. दीड जीबीला या आकड्याने भागा, उत्तर आठ. अडीच तासांचा चित्रपट घ्या, सेकंदाला चोवीसच चित्रे धरा, तरी तो १,३४० जीबी भरतो. ५१२ जीबीच्या लॅपटॉपवर तो मध्यंतरापर्यंतही मावला नसता. गेमिंगचे व्हिडिओ सेकंदाला साठ चित्रांनी येतात. तेव्हा पडद्यावर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके नव्याने रंगवले जातात.

नुसते मोठे आकडे कुठेही सापडतात. वाळू मोजावी, तारे मोजावेत. मला अप्रूप आहे ते इथला मोठा आकडा माणसाच्या मापात आणून बसवल्याचे. डोळ्याला खंड जाणवणार नाही इतक्या वेळात, खिशात मावेल इतक्या जागेत, महिन्याच्या खर्चात बसेल इतक्या पैशांत. गॅजेटची हौस म्हटले की वेळ वाया घालवणे, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. माणसाने केलेल्या सर्वांत कुशल कामांपैकी काही कामे सामान्य माणसाच्या हाती रोज येतात ती याच हौसेतून, असे मला मनापासून वाटते.

तर त्या आठ सेकंदांची चाळीस मिनिटे कशी झाली?

फुल एचडी व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिटने येतो असे धरले (बाइटच्या आठव्या भागाला बिट म्हणतात), तर मूळच्या तीनशे भागांपैकी एकच भाग आपल्यापर्यंत पोचतो आणि दीड जीबी तीनशेपट, म्हणजे चाळीस मिनिटे पुरतो. २९९ भाग पाठवलेच जात नाहीत आणि आपल्याला ते गेल्याचे कळतही नाही. या कामाचा पाया ज्यांनी घातला ते नासिर अहमद बंगळूरुचे, जन्म १९४०. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना, १९७२ साली, त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका कल्पनेसाठी अनुदान मागितले. कल्पना फार साधी वाटते, या कारणाने ते नाकारले गेले. अहमद यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये एक शोधनिबंध छापला. पाने जेमतेम चार, लेखकांची तिन्ही नावे भारतीय. नाव होते ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’.

त्यातले गणित असे वापरतात. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे. एका चौकोनात ६४ ठिपके, म्हणजे ६४ आकडे. ते तसेच न पाठवता, ‘हा चौकोन कोणकोणत्या लाटा मिसळून तयार होईल’ असा प्रश्न विचारायचा. त्याचेही उत्तर ६४ आकड्यांतच येते, पण त्यांचे स्वरूप बदललेले असते. निळ्या आकाशाचा तुकडा असेल तर पहिला आकडा मोठा आणि उरलेले जवळपास शून्य. चेहऱ्याचा, भिंतीचा, साडीच्या पोताचा तुकडा असेल तरी मोठे आकडे मोजकेच, बाकीचे किरकोळ. बारीक लाटांमधला थोडाफार फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून ते किरकोळ आकडे शून्यावर आणून सोडून द्यायचे. आपण पाठवलेला जवळजवळ प्रत्येक फोटो या गणितातून जातो. व्हिडिओच्या पुढच्या पद्धतींनी चौकोनांचे आकार बदलले, आकडेमोड सुटसुटीत केली, पण गाभा तोच राहिला.

दुसरी काटछाट काळाची. बातम्या देणारी निवेदिका बसली आहे, मागची भिंत हलत नाही, टेबल हलत नाही. मग दर सेकंदाला तीस वेळा तीच भिंत कशाला पाठवायची? एक फ्रेम पूर्ण पाठवतात. पुढच्या फ्रेम्समध्ये फक्त ‘हा चौकोन दोन ठिपके डावीकडे सरकला’ अशा सूचना असतात. काही फ्रेम्स तर आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही फ्रेम्सवरून बांधतात. त्यासाठी नंतरची फ्रेम आधी पाठवावी लागते आणि फोन सगळ्यांची रांग पुन्हा लावतो. हे सेकंदाला तीस वेळा, न चुकता चालते. एच.२६४ ही पद्धत २००३ मध्ये आली, एच.२६५ ही २०१३ मध्ये, एव्ही१ ही २०१८ मध्ये. एच.२६५ला तेवढेच चांगले चित्र एच.२६४च्या साधारण निम्म्या डेटात देता येते.

ही युक्ती कुठे हरते ते पाहायचे असेल तर जेजुरीच्या सोमवती यात्रेचा व्हिडिओ लावावा. पालखी शांत चाललेली असते तोवर चित्र स्वच्छ असते. भंडारा उधळला की क्षणात पिवळ्या चौकोनांचा चिखल होतो. हळदीचा प्रत्येक कण वेगळ्या दिशेने निघालेला असतो, मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखायला काही उरलेलेच नसते. विसर्जन मिरवणुकीतल्या गुलालाचे, पावसाचे, धबधब्याचे असेच होते. कॅमेरा खराब आहे असे म्हणून आपण पुढे जातो. बिचाऱ्या कॅमेऱ्याने सगळे नीट टिपलेले असते. ठरलेल्या तीनशेव्या हिश्श्यात हजारो कण कोंबताना गणित थकलेले असते.

आणि डोळ्याला कमी दिसते म्हणून कमी पाठवायचे, ही शक्कल काही संगणकवाल्यांची पहिली नव्हे. आपल्या एका डोळ्यात अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशी दहा-बारा कोटी असतात, रंग पाहणाऱ्या शंकुपेशी साधारण साठ लाख. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू मात्र दहा-बारा लाखच. म्हणजे शंभराला एकाच्या आसपास काटछाट डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच होते. उजेड-अंधाराचे आपल्याला बारीक कळते, रंगाचे तितके नाही. म्हणून व्हिडिओतही उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची चारातली एकच ठेवतात. निम्मा भार तिथेच उतरतो.

आता हा एक व्हिडिओ एका माणसाचा. एकच चित्र एकाच वेळी सगळ्यांना हवे असते तेव्हा काय होते?

१९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबाद, एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना. डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख जण तो एकदम पाहत होते. ज्या मैदानावर सामना झाला त्याची क्षमता १ लाख ३२ हजार, क्रिकेटच्या मैदानांत जगात सर्वांत मोठी. तशी ४४७ मैदाने खचाखच भरली तर ही संख्या होते. प्रत्येकाकडे मध्यम प्रतीचे, २ एमबीपीएसचेच चित्र गेले असे धरले, तरी सेकंदाला पावणेपंधरा टीबी डेटा वाहतो.

एका ठिकाणाहून इतके पाठवता येत नाही. म्हणून सामन्याचे काही सेकंदांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकडा स्पष्ट, मध्यम, अंधुक अशा अनेक प्रतींत तयार होतो, आणि त्यांच्या नकला गावोगावच्या इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांत आधी पोचवल्या जातात. तुमचा फोन जवळच्या केंद्रातून तुकडा उचलतो, नेट मंदावले की पुढचा तुकडा हलक्या प्रतीचा मागतो. चित्र मध्येच जरा धुरकट होऊन पुन्हा स्वच्छ होते ते यामुळे. शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्याकडे चेंडू नंतर सीमापार जातो, त्याचेही कारण हेच. तुकडा तयार व्हायला, पोचायला आणि फोनने दोनतीन तुकडे गाठीला ठेवायला वेळ लागतो.

लोक येताना जेवढी धांदल होते तेवढीच निघताना होते, हे मला हॉटस्टारच्याच २०१९च्या गोष्टीवरून कळले. मँचेस्टरचा भारत–न्यूझीलंड उपांत्य सामना पावसाने दुसऱ्या दिवसावर गेला. १० जुलैला धोनी खेळत होता तेव्हा २ कोटी ५३ लाख लोक एकाच वेळी पाहत होते. तो धावबाद झाला. निराश प्रेक्षक अ‍ॅप लगेच बंद करत नाही, तो ‘मागे’ जाण्याचे बटण दाबतो. मागे असते मुखपृष्ठ, आणि मुखपृष्ठ उघडताना प्रत्येकासाठी वेगळी पोस्टरे, वेगळ्या शिफारशी, अर्धवट पाहिलेल्या मालिकांची यादी असे सगळे मागवावे लागते. सामना दाखवणारी यंत्रणा मोकळी होते आणि तिच्या शेजारच्या यंत्रणेवर कोट्यवधींचा लोंढा काही क्षणांत कोसळतो. एका फलंदाजाच्या बाद होण्यासाठी किती सर्व्हर तयार ठेवायचे, हा अभियंत्यांपुढचा खरा प्रश्न असतो. क्रिकेटवेड्या देशात हा प्रश्न जितक्या मोठ्या प्रमाणावर सोडवला गेला तितका फार थोड्या ठिकाणी सोडवला गेला असेल.

यूट्यूबचे आकडे बहुतेकांनी ऐकलेले असतात, म्हणून थोडक्यात. पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५चा, जावेद करीम सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा आहे, लांबी १९ सेकंद. पुढे कंपनीने सांगितलेला आकडा दर मिनिटाला ५०० तासांची भर असा झाला. म्हणजे एका दिवसात चढवलेले व्हिडिओ न झोपता पाहायला ८२ वर्षे लागतील. ‘बेबी शार्क’ या बालगीताने जानेवारी २०२२ मध्ये १,००० कोटी वेळा पाहिले जाण्याचा टप्पा ओलांडला. गाणे दोन मिनिटे सोळा सेकंदांचे. प्रत्येकाने ते पूर्ण पाहिले असे धरले तर ४३ हजार वर्षांचा वेळ झाला. घरात लहान मूल असलेल्यांना हा आकडा कमीच वाटेल. त्याआधी ‘गंगनम स्टाइल’ने वेगळाच विक्रम केला होता. यूट्यूबचा मोजणी-आकडा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या पुढे जाऊ शकत नव्हता, कारण त्यासाठी ३२ बिटांचीच जागा ठेवलेली होती. २०१४ मध्ये या गाण्यापायी ती जागा ६४ बिटांची करावी लागली.

व्हिडिओ निदान आधी तयार करून ठेवता येतो. गेममध्ये तेही नाही. पुढच्या क्षणी तुम्ही डावीकडे वळणार की उडी मारणार हे कुणालाच ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक चित्र तुमचा अंगठा हलल्यानंतर जन्माला येते. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर ६.९. डोळ्याने पाहून बोट हलवायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात साठच्या गतीनेही बारा चित्रे काढून होतात.

प्लेस्टेशन ५ या गेम खेळण्याच्या यंत्राची कमाल क्षमता १०.२८ टेराफ्लॉप्स. आपल्या भाषेत, सेकंदाला दहा लाख कोटींहून जास्त आकडेमोडी. फोर-के पडद्यावर ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे धरून वाटणी केली, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला प्रत्येक वेळी वीस हजारांहून जास्त आकडेमोडी येतात. पाण्यावर पडलेल्या उन्हाचा एक ठिपका, त्याचा रंग ठरवायला वीस हजार बेरजा-गुणाकार, आणि सेकंदाच्या साठाव्या भागात तो पुसून पुन्हा नवे वीस हजार.

हा आकडा वाचताना पुण्याची आठवण येणे साहजिक आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिला म्हणून १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली, पुणे विद्यापीठाच्या आवारात, १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याची कमाल क्षमता एक गिगाफ्लॉप, सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी. ज्यांनी तो बांधला त्यांच्याविषयी मला आदर आहे, कारण पुढचे सगळे त्या हिमतीवर उभे राहिले. दोन्ही यंत्रांची मोजमापाची रीत एक नाही, म्हणून तुलना काटेकोर धरू नये. पण ढोबळमानाने, कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली ठेवलेल्या प्लेस्टेशनच्या पांढऱ्या खोक्यात दहा हजार ‘परम ८०००’ आहेत, आणि दहावीची परीक्षा संपलेला मुलगा त्यावर फुटबॉल खेळतो आहे.

उलट्या टोकाला आपल्या पिढीची कॅसेट. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत भाड्याने आणलेला व्हिडिओगेम, वर ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट आणि आत फिरूनफिरून तेच पाचसहा खेळ. त्यातला मारिओ, म्हणजे १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, किती मोठा होता? ४० केबी. बत्तीस पातळ्या, संगीत, कासवे, किल्ले, सगळे धरून. आज फोनवर घेतलेला साधा स्क्रीनशॉट याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्या खेळातले ढग आणि झुडपे एकाच आकाराची ठेवली आहेत, फक्त रंग बदलला आहे. वर्षानुवर्षे खेळूनही हे लक्षात येत नाही, आणि एकदा कळले की दुसरे काही दिसत नाही. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या खेळाला संगणकावर १५० जीबी जागा लागते. तेवढ्यात छत्तीस लाख मारिओ मावतात. कसब कशात जास्त, असे मला विचाराल तर मी मारिओच्या बाजूने उभा राहीन.

ऑनलाइन खेळात यापुढे प्रकाशाशीच गाठ पडते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात दोनशे. मुंबई–सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद हे निसर्गाने घातलेले किमान बंधन. समुद्राखालची केबल सरळ जात नाही, वाटेत उपकरणे असतात, त्यामुळे खरा पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, त्याहून बराच जास्त. ‘व्हॅलोरंट’ या गोळीबाराच्या खेळाचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी, कोण कुठे आहे आणि कुणाची गोळी कुणाला लागली याचा निवाडा करतो. सर्व्हर सिंगापूरला असेल तर आपली हालचाल तिथे पोचून उत्तर यायच्या आत असे पाच निवाडे होऊन गेलेले असतात. मुंबईत सर्व्हर आला की मुंबई-पुण्याच्या मुलांना काय मिळते ते या गणितात आहे. पुण्याहून मुंबईपर्यंत प्रकाशाची ये-जा दीड मिलिसेकंदाच्या आत होते. आणि जगाकडे जाणाऱ्या कितीतरी केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर जमिनीत शिरतात. कोळीवाड्याच्या शेजारून, वाळूखालून, केसाएवढ्या तंतूंमधून अर्ध्या देशाचे व्हिडिओ, खेळ आणि कॉल जातात. २००८ च्या जानेवारीत इजिप्तजवळ समुद्रात केबल तुटल्या तेव्हा भारतातल्या कचेऱ्यांमध्ये इंटरनेट रांगू लागले होते.

खेळांतली जगे हा मला सर्वांत आवडणारा भाग. ‘पबजी’चा मूळ नकाशा, एरँगल, आठ किलोमीटर लांब, आठ रुंद, म्हणजे ६४ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची बेटाची मुंबई साधारण ६८. तेवढ्या जागेत शंभर माणसे विमानातून सोडायची आणि एक उरेपर्यंत थांबायचे. ‘माइनक्राफ्ट’ने ही मापे मोडून काढली. त्याचे जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा कोटी ठोकळ्यांचे, लांबीलाही आणि रुंदीलाही, आणि ठोकळा एक मीटरचा. क्षेत्रफळ ३६० कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे समुद्र धरून आपल्या पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या सातपट. त्यात ११,७०० महाराष्ट्र बसतात. मध्यापासून कडेपर्यंत चालत जायचे म्हटले, तर खेळातल्या चालीने न थांबता ऐंशी दिवस लागतील.

एवढे जग साठवायचे कुठे? कुठेच साठवत नाहीत. एक बीज-आकडा आणि एक सूत्र एवढेच असते. तुम्ही डोंगराकडे चालू लागलात की सूत्रातून तो डोंगर, त्यामागची दरी, दरीतले झाड तयार होते. तेच बीज दुसऱ्या कुणी टाकले तर त्यालाही तोच डोंगर त्याच जागी सापडतो. व्हिडिओत नको ते पाठवत नाहीत, इथे नको ते बनवतच नाहीत. २०१६ मध्ये इंग्लंडच्या गिल्फर्डमधल्या छोट्या चमूने काढलेल्या ‘नो मॅन्स स्काय’मध्ये असे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६ ग्रह आहेत. हा दोनाचा चौसष्टावा घात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दाणे मागणाऱ्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली, तिचे उत्तर याहून फक्त एकाने कमी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावे परार्धापर्यंत जातात. इथे १८४ परार्ध ग्रह आहेत. प्रत्येकावर एकच सेकंद उतरायचे ठरवले तरी ५८,५०० कोटी वर्षे लागतील, विश्वाच्या आजवरच्या वयाच्या बेचाळीसपट. बहुतेक ग्रहांवर कुणीही कधीच उतरणार नाही. तरी तिथल्या टेकडीचा उतार आणि गवताचा रंग ठरलेला आहे.

हे सगळे ज्या चिपवर चालते तिच्याकडे वळू. १९७१च्या इंटेल ४००४ वर २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२३च्या आयफोन १५ प्रोमधल्या ए१७ प्रो चिपवर १,९०० कोटी आहेत. ब्याऐंशी लाखपट वाढ, आणि ती नखाएवढ्या जागेत. इतक्या बारीक रेषा साध्या प्रकाशाने कोरता येत नाहीत. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावची एएसएमएल कंपनी त्यासाठी यंत्रे बनवते. त्यात वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब निर्वात पोकळीत सोडतात, सेकंदाला पन्नास हजार. प्रत्येक थेंबावर लेसरचे दोन घाव घालतात, पहिल्याने तो चपटा होतो, दुसऱ्याने त्याचा तप्त प्लाझ्मा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवेतही शोषला जातो आणि काचेतही, म्हणून भिंगाऐवजी आरसे लागतात. पन्नास हजार थेंब, एक लाख नेमके घाव, दर सेकंदाला. मोबाइलच्या दुकानात ‘तीन नॅनोमीटरचा प्रोसेसर’ असे विक्रेता एका दमात सांगून टाकतो, त्यामागे हे आहे.

वीज किती लागते? ५,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. फोन वर्षभर रोज शून्यापासून पूर्ण चार्ज केला तरी बॅटरीत जाणारी वीज सात युनिट. छताचा पंखा चार दिवस सलग फिरवला की तेवढी खर्च होते. त्या एका चार्जमध्ये सर्किटातून फिरणारे इलेक्ट्रॉन मात्र अकरा लाख परार्ध. गेमिंगच्या संगणकाची गोष्ट वेगळी. आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात ४५० वॉट ओढते, म्हणजे तासाभराच्या खेळात तेवीस फोनांचे चार्जिंग.

फोनचे विजेचे बिल इतके कमी दिसते, कारण जास्तीची वीज दुसरीकडे जळते. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जिथे पूर्वी रासायनिक कारखाने दिसत, तिथे आता डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत, आणि देशाच्या डेटा सेंटर क्षमतेचा मोठा वाटा मुंबई-नवी मुंबईत आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली, जगाच्या एकूण वापराच्या साधारण दीड टक्का. त्यात आपले व्हिडिओ आहेत, बँका आहेत, हवामानाचे अंदाज आहेत. हौस करणाऱ्याने हा आकडाही माहीत करून घ्यावा असे मला वाटते, कारण आपल्याकडच्या यंत्रांना वीज आणि थंडावा पुरवण्याचा भार ठाणे-बेलापूर पट्ट्यावर पडतो.

यातले काही स्वतः पाहायचे असेल तर यूट्यूबमध्ये ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाचा पर्याय आहे. संगणकावर व्हिडिओवर उजवी क्लिक केली की तो सापडतो, फोनवर आधी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. चित्राच्या कोपऱ्यात काळी चौकट उघडते. तिच्यात ‘कोडेक्स’पुढे एव्ही१ किंवा व्हीपी९ अशा पद्धतीची खूण दिसेल, ‘बफर हेल्थ’पुढे किती सेकंदांचे तुकडे गाठीला आहेत ते. तिथेच फ्रेम्सची मोजणी चालू असते: आतापर्यंत किती दाखवल्या, किती गळल्या. दहा मिनिटांच्या साध्या व्हिडिओत अठरा हजार फ्रेम्स होतात. बऱ्यापैकी फोन आणि नेट असेल तर गळलेल्या बहुधा एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.